मीटरवाल्याचे तीन प्रश्न

"संज्या, टाक ती नळी! गोळी आत आहे!"

मीटरवाला शेडच्या दारातून ओरडला. त्याच्या खिशातला किरणं मोजायचा मीटर किंचाळत होता. माझ्या मुलाच्या, संजयच्या, खांद्यावर लांब नळी, तिचं टोक मागे फरफटत होतं. पाइपांच्या जोडांचे फोटो काढायची ती किरणांची गोळी, तांदळाच्या दाण्याएवढी, काम संपल्यावर पेटीत परत जाते. त्या दिवशी ती तारेवरून सुटून नळीच्या टोकातच राहिली. संजयचा मीटर सकाळपासून वाजत होता. उगाच वाजतोय म्हणून त्याने तो बंद केला होता.

मीटरवाला इथे ऑस्ट्रेलियात, वेरिबी गावात, आमच्याकडे भाड्याने राहायचा. जेवतानाही मीटर खिशात. सून म्हणायची, "अरे, आमटी मोजतोस का?"

"वहिनी, आज काढला तर उद्या विसरेन."

मी चौथी शिकलेली. मला त्याने गॅसपाशी उभं करून शिकवलं. "मावशी, तीनच प्रश्न. आचेजवळ किती वेळ? किती लांब? मध्ये काय आहे?" मग मिठाचा डबा उघडला. "हे वर्षभर चिमूट चिमूट चालतं. एकदम वाटीभर खाल्लं तर?"

"मरेन."

"किरणांचं तसंच. फक्त मध्ये काही दिवस बरं वाटतं. तेच वाईट."

सून गरोदर होती, तर तिला शेडच्या रस्त्यालासुद्धा येऊ देत नसे. पोटातल्या जिवाला सगळ्यात जास्त लागतं म्हणायचा.

आणि त्या दिवशी तिन्ही प्रश्न त्यानेच सोडले. पत्र्यापलीकडे सहा माणसं डबे खात होती. लांब चिमटा गाडीत होता. त्याने संजयला ढकललं, टोक हातात धरलं आणि छातीशी घेऊन शिशाच्या पेटीकडे धावला. झाकण अडकलं. ते निघेपर्यंत गोळी त्याच्या हातातच होती.

तासाभरात उलट्या सुरू झाल्या. मग थांबल्या. हॉस्पिटलात मी रोज डबा न्यायची. शेजारीण म्हणाली, "काकू, तो डबा घरात परत नका आणू."

"गोळी पेटीत आहे, त्याच्या अंगात नाही," मी म्हटलं. डबा घासला, पुन्हा भरला.

आठवडाभर तो चांगला जेवला. मी म्हटलं, "बघ, बरा झालास."

"मावशी, मीठ," तो म्हणाला आणि हसला.

मग बोटं काळी पडली, केस गेले, अंगात रक्त तयार होईना. शेवटी संजयला, इथे दोस्ताला हाक मारतात तसं, एवढंच म्हणाला, "मेट, मीटर लाव."

जेवत होते ते सहाही जण जगले. संजय जगला. नात झाली, धडधाकट आहे. मीटरवाला गेला.