चाटणारा वळू

आरोपीला कडुनिंबाला बांधलं होतं. आरोपी म्हणजे गजाननचा लाल कंधारी वळू. तो शांतपणे कडबा खात होता. आसपास अर्धं गाव जमलं होतं. मुलांनो, तेव्हा पशुवैद्यक म्हणून माझी ड्युटी तेल्हाऱ्याकडच्या एका गावात होती, आणि मला वळूचं खच्चीकरण करायला बोलावलं होतं. ते एकदा केलं की परत फिरवता येत नाही.

"गुन्हा काय?" मी विचारलं.

फिर्यादी होते शेजारचे देवराव. "बाई, माही गाय काळीपांढरी. तुमीच तिले काळ्यापांढऱ्या विलायती वळूचं बीज भरलं. अन् वासरू लालपांढरं कावून झालं? हा लाल्या कुंपण तोडून आला असन."

"कुणी पाहिलं?"

"पाहाले कायले पाह्यजे? ओळखपरेड केली ना आमी."

म्हणजे काल वासराला वळूसमोर नेलं होतं. वळूने त्याला डोक्यापासून शेपटीपर्यंत चाटलं.

"बापाबिगर कोन चाटते?" देवराव म्हणाले. गर्दीने माना हलवल्या.

गजानन वळूच्या मानेवर हात ठेवून उभा होता. वासरू असल्यापासून त्याने त्याला वाढवलं होतं. "गावानंच ठरवलं तं मी का बोलू, बाई?" तो म्हणाला. मी खच्चीकरणाचा चिमटा पिशवीतून काढलाच नाही.

मी वासराच्या पाठीवर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. खारट. आपल्याकडे गाय व्याली की तिने वासराला चाटावं म्हणून त्याच्या अंगाला मीठ लावतात. देवरावांनी जरा सढळ हाताने लावलं होतं, चाटूनही उरलं होतं. मी मूठभर मीठ मागवलं आणि सरपंचांच्या हाताला चोळलं. वळूने कडबा सोडला आणि सरपंचांना कोपरापर्यंत मनापासून चाटलं.

"घ्या," गजानन म्हणाला. "सरपंचबी याचेच."

हसणं थांबायला वेळ लागला. सरपंच हात पुसत म्हणाले, "ते ठीक हाये. पन मंग लाल रंग आला कुठून?"

प्रश्न बरोबर होता. मी सांगितलं, रंगाच्या दोन चिठ्ठ्या असतात. एक आईकडून येते, एक बापाकडून. त्या चिठ्ठ्यांना आम्ही जीन म्हणतो. काळी चिठ्ठी डॉमिनंट, म्हणजे ती एकटी असली तरी जनावर काळं दिसतं. लाल चिठ्ठी रिसेसिव्ह, ती गप्प बसते. तुमच्या गायीत एक लाल चिठ्ठी गप्प बसली होती, बीजाच्या वळूतही एक. वासराला नेमक्या त्या दोन मिळाल्या. शिवाय हे कंधारीचं असतं, तर गळ्याखाली सैल पोळी लोंबली असती. याचा गळा बघा, सपाट आहे.

देवराव वासराचा गळा चाचपून आले, पण हटले नाहीत. "मायबाप दोघंबी काळे अन् पोर लाल? असं कुठं होते का?"

उदाहरण माझ्या समोरच होतं, पण मी ते गिळलं. अशा उदाहरणांनी घरं मोडतात. तेवढ्यात देवरावांच्या बायको, इंदुताई, मागून पुढे आल्या. कडेवर त्यांचं घाऱ्या डोळ्यांचं पोरगं होतं.

"तुमचे डोळे काळे. माहे काळे. याचे घारे," त्या म्हणाल्या. "हा झाला तवा कोनाले बांधलं होतं तुमी झाडाले?"

सरपंच आभाळाकडे पाहू लागले. देवराव कडुनिंबापाशी गेले आणि स्वतःच्या हाताने दावं सोडलं. गजाननने वळू घरी नेला. मी केस पेपरवर 'उपचाराची गरज नाही' असं लिहिलं.

त्या दिवसापासून मी एक नियम पाळला. पशुवैद्यकाने उदाहरण फक्त गायीगुरांचं द्यावं. माणसांचं ज्याच्या त्याच्या बायकोवर सोडावं.