नामदेवची ऑडिशन आणि आम्ही सानगडीकर

आम्ही सानगडीचे जुने नाटकवाले बसस्टॉपवर चहाला जमलो की कोणीतरी नामदेवचं नाव काढतो, आणि मग तासभर कोणी उठत नाही! सत्तरच्या दशकाच्या शेवटाची ती एकच गोष्ट, पण तिचे किस्से दरवर्षी दोन-चारने वाढतात. त्यातले निम्मे घडलेच नाहीत, असं माझी बायको म्हणते. मी सांगतो ते मात्र मी स्वतः पाहिलेले आहेत. एकच तेवढा ऐकलेला, तोही नामदेवच्या तोंडून.

नामदेव म्हणजे आमच्या नाट्यमंडळाचा हिरो. घरचा धंदा तलावातल्या मासेमारीचा. मी शाळामास्तर, आणि मंडळाचा कायमचा व्हिलन. दिल्लीत नाटक शिकवणारी मोठी शाळा आहे आणि तिची ऑडिशन नागपुरात होणार, हे मीच पेपरात वाचलं. मीच नामदेवच्या मागे लागलो.

त्याच्या वडिलांनी, किसनजींनी, एवढंच सांगितलं, "ऑडिशनले जाय. पन निवडून आला तरी दिल्लीले जाचं का नाई, ते मी सांगीन." किसनजींनी पोराचं एकही नाटक पाहिलेलं नव्हतं. तलाव सोडून त्यांना दुसरं काही दिसतच नसे.

*

फॉर्म आला तो इंग्रजीत. 'अभिनयाचा अनुभव' याला जागा तीन ओळींची! नामदेवने जिथे जिथे काम केलं त्या गावांची नावं आम्ही लिहायला घेतली. अड्याळलाच पहिली ओळ संपली, कारण तिथे त्याने सात नाटकं केली होती. शेवटी दोन फुलस्केप जोडले.

पुढे 'इतर कौशल्ये'. मी लिहिलं, पोहणे.

नामदेव नाराज झाला. "जाळं फेकनं लिवा ना गुरुजी. पोहनं तर म्हशीलेई येते!"

*

आमच्या झाडीपट्टीच्या नाटकात पाठांतर नसतं. प्रॉम्प्टर स्टेजला लागून बसतो, सगळं नाटक मोठ्याने वाचतो, आणि नट त्याच्या मागोमाग बोलतो. लोकांना दोघांचंही ऐकू येतं आणि कोणाचंही काही बिघडत नाही. आमचे प्रॉम्प्टर विठोबाजी. त्यांच्या जोरावर नामदेवने साठेक नाटकं गाजवली होती, पण पाठ एक ओळ नव्हती!

म्हणून आम्ही दिल्लीला रीतसर पत्र लिहिलं, 'आमच्या प्रॉम्प्टरने कुठे बसायचे ते कळवावे.'

उत्तर आलं, उमेदवाराने एकट्याने आत यावे, दोन उतारे पाठ हवेत. विठोबाजी चार दिवस कोणाशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी पुस्तक घेऊन तलावाच्या पाळीवर हजर! नामदेव पाण्यातल्या डोंग्यात उभा राहून उतारा म्हणायचा, हे काठावरून तपासायचे. तो अडला की यांचे ओठ आपोआप हलायचे. मग हे खांद्यावरच्या दुपट्ट्याचा बोळा स्वतःच्याच तोंडात कोंबायचे.

"तीस वर्सं बोललो गुरुजी," मला म्हणाले, "आता चूप बसाची प्रॅक्टिस मलेच करा लागून राहिली!"

पंधरा दिवसांत दोन्ही उतारे पाठ झाले. नामदेवची मेहनत होतीच, पण मला जास्त अभिमान विठोबाजींच्या त्या बोळ्याचा आहे.

*

मग आवाज. आमची नाटकं उघड्या मैदानात, शेवटच्या बैलबंडीपर्यंत आवाज गेला पाहिजे. नागपुरात मात्र खोलीत बोलायचं होतं. नामदेवने माझ्या घरी पहिलं वाक्य टाकलं आणि पाळण्यातली माझी सहा महिन्यांची पोरगी किंचाळून उठली.

बायकोने तिथेच नियम केला. "पोरगी उठली का नापास!"

रोज दुपारी नामदेव पाळण्याशेजारी बसून बोलायचा. सहा दिवस नापास झाला. सातव्या दिवशी पोरगी जागीच होती. तो बोलत राहिला आणि ती हूं का चूं न करता त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याचा आवाज कुजबुजीएवढा, पण दारात उभ्या असलेल्या मला शब्द न् शब्द कळत होता.

बायको स्वयंपाकघरातून डोळे पुसत आली. म्हणाली, "पास!"

*

शाळेत रंगीत तालीम ठेवली. हेडमास्तर परीक्षक झाले, निम्मं गाव खिडक्यांना लटकलं. नामदेवचा रडण्याचा उतारा ऐन रंगात आला आणि शेजारच्या अनसूयाबाई नारळ घेऊन सरळ पुढे आल्या. आमच्याकडे काम आवडलं की बक्षीस मध्येच द्यायची रीत आहे. नामदेवने रडणं थांबवलं, नारळ कपाळाला लावला, मंडळातर्फे आभार मानले, आणि जिथे थांबला होता तिथूनच पुन्हा रडायला लागला!

हेडमास्तरांनी कपाळावर हात मारला. "अरे, तिकडं असं करू नको बाबा!"

"काहून?" अनसूयाबाई म्हणाल्या. "त्याईले आवडलं तर ते का देनार नाईत?"

*

नागपूरला मी आणि विठोबाजी सोबत गेलो, पण दाराबाहेर. आत काय झालं ते नामदेवने परतीच्या एसटीत सांगितलं. दोन्ही उतारे बिनचूक झाले. मग परीक्षकांनी सांगितलं, शब्द न वापरता ओळखीचा एखादा माणूस करून दाखवा. त्याने किसनजी केले. जाळं फेकणारे, रिकामं जाळं ओढणारे, त्यातलं गवत झटकून पुन्हा फेकणारे.

"किती डाव फेकलं?" मी विचारलं.

"त्यायनं थांब म्हटलंच नाई, गुरुजी."

महिन्याभराने निवडीचं पत्र आलं. गावात पेढे वाटले, पण दिल्लीला जायचं की नाही ते किसनजींनी सांगितलंच नाही. आठ दिवस गेले. विठोबाजींना राहवेना. ते मला आणि नामदेवला घेऊन तलावावर गेले आणि म्हणाले, "किसनजी, तुमच्या पोरानं तिथं तुमालेच करून दाखवलं. मोठमोठे साहेब चूप झाले!"

"मले?" किसनजींनी हातातलं जाळं खाली ठेवलं. "माह्यात का आहे दाखवाजोगं?" मग पोराकडे वळले. "दाखव."

नामदेवने पाळीवर उभं राहून दाखवलं. फेकलं, ओढलं, झटकलं, पुन्हा फेकलं. किसनजी उकिडवे बसून बघत होते. संपलं तरी ते तसेच बसून होते. नामदेवला माझ्याकडे बघायचाही धीर होईना.

मग किसनजी उठले.

"गवत मी डाव्या हातानं झटकतो. दिल्लीले गेल्यावर तसंच करजो. वन्स मोर!"