हुंगून पास केलेला ड्रम

आमचे भावजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, त्यांना स्वतःच्या नाकाचा केवढा तोरा! इंधनाचा थेंब बोटावर घेऊन हुंगायचे आणि छातीठोकपणे सांगायचे, हे शिळं आहे, यात भेसळ आहे, हे चोख आहे. बाकीचे गॅरेजवाले त्यांना नाकशेठच म्हणायचे. मी त्यांच्याच गॅरेजात पाइप आणि पंप बसवते, त्यामुळे हा तोरा मला घरीही ऐकावा लागायचा आणि कामावरही.

एक दिवस दातांच्या डॉक्टरीणबाई त्यांची लाडकी गाडी घेऊन आल्या. बाईंना वेगाचं वेड. गाडीला सुपरचार्जर होता, म्हणजे इंजिनात जबरदस्तीनं हवा कोंबणारं यंत्र. "ही मला इथेनॉलवर चालवायची आहे," म्हणाल्या. इथेनॉलनं इंजिन थंड राहतं, जास्त ताण सोसतं, गाडीची ताकद वाढते. पण ते पेट्रोलपेक्षा पुष्कळ जास्त लागतं. म्हणून आम्ही मोठा पंप घातला, इंधन फवारणारे मोठे इंजेक्टर घातले, पाइप सगळे नवे टाकले. टाकीतलं पेट्रोल एका रिकाम्या ड्रममध्ये काढून ठेवलं. इथेनॉलचा भरलेला ड्रम माझ्या दादानं आणून दिला, त्याचा धंदाच तो. दोन्ही ड्रम त्याच्याच गोदामातले, निळे, शेजारी शेजारी उभे.

आमच्याकडे एक रीत आहे. टाकीत ओतण्याआधी काचेच्या नळीत थोडं इंधन नि थोडं पाणी घेऊन हलवायचं. इथेनॉल पाण्यात मिसळून जातं, पेट्रोल वर तरंगतं. लहान मूलही करील. पण भावजींना त्यात कमीपणा वाटायचा. मी फिल्टर आणायला बाजारात निघाले तेव्हा बजावलं होतं, "भावजी, नळी बघितल्याशिवाय ओतू नका हं."

"अगं, नाक काय गहाण टाकलंय का मी?" हे त्यांचं उत्तर.

मी परत आले तर गाडी ओढून आणलेली, पिस्टन फुटलेला आणि डॉक्टरीणबाई पांढऱ्याफटक. भावजी सगळ्यांदेखत गरजत होते, "माल भेसळीचा होता! सख्ख्या मेहुण्यानं माझा गळा कापला!" दादा समोरच उभा. त्याचं तोंड एवढंसं झालं. तसाच निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन दोन्ही ड्रम टेम्पोत घातले, मुकाट्यानं. मला वाटलं, रुसलाय. पुढे एकेका गॅरेजनं त्याचा माल घेणं बंद केलं. नाकशेठचा शब्द तो, कोण मोडणार?

दादाचं ताईकडे येणं थांबलं. ताई नुसती भांडी आपटायची.

मग एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले तर जिन्यातच करपल्याचा वास. आत भावजी स्वयंपाकघराच्या दारात पेपर वाचत बसलेले आणि त्यांच्या पाठीमागे दूध उतू जाऊन, करपून, पातेलं काळंठिक्कर.

"अहो भावजी! नाक मेलंय की काय तुमचं?" मी गॅस बंद करत ओरडले. थट्टेतच हो.

त्यांनी पेपर खाली केला. तो चेहरा मला अजून दिसतो. चोरी पकडलेल्या माणसाचा. "मेलंय," ते म्हणाले. "थंडीत ताप आला होता ना, तेव्हापासून. काहीच कळत नाही."

हा माणूस रोज जेवताना ताईला म्हणायचा, काय वास सुटलाय आमटीला! तेही खोटं?

"आणि तो ड्रम?"

"झाकण उघडं होतं, मला वाटलं सील तू तोडलंस. हुंगल्यासारखं केलं नि ओतलं. गाडी काळा धूर सोडायला लागली. म्हटलं, इंधन जास्त जातंय, म्हणून गाडीच्या कॉम्प्युटरवर कमी केलं. तीच माझी चूक. इथेनॉलसाठी जुळवलेलं इंजिन पेट्रोलवर ताणलं, फुटलं." ते हातांकडे बघत होते. "संध्याकाळी दुसऱ्या ड्रमचं सील पाहिलं, ते शाबूत होतं. पण तोवर तोंडातून नाही नाही ते निघून गेलं होतं."

मला इतकी लाज वाटली, जणू मीच ते पेट्रोल ओतलं होतं. "उठा," मी म्हटलं. "दादाकडे चला. आत्ता."

दादा गोदामात एकटाच ड्रम पुसत होता. भावजींनी उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं, खाली मान घालून. दादानं फडकं पिळलं.

"मला माहीत आहे. माझा ड्रम सीलबंद परत आला, तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत, दादा?" भावजींनी विचारलं.

"काय बोलू? नाकशेठला वास येत नाही म्हणून दवंडी पिटू? माझं काय, मी लांबच्या गिऱ्हाइकांना विकीन. तुमच्याकडे त्या नावाशिवाय आहे काय? आणि ताई घरात आहे तुमच्या." दादानं फडकं ड्रमवर टाकलं. "आलात, एवढं पुरे. बाहेर बोलू नका."

खरं सांगते, क्षणभर भावजींना ते पटलं. खांदे सैल पडले, श्वास सुटला. मी बघितलं. मी बघितलं हे त्यांनीही बघितलं आणि ते कानापर्यंत लाल झाले.

"यापेक्षा माझ्या कानफटात मारली असतीत तर बरं झालं असतं, दादा," ते म्हणाले. मग खिशातून फोन काढून त्यांनी डॉक्टरीणबाईंचा नंबर लावला.

एरवी या माणसाचा आवाज गॅरेजाच्या फाटकापर्यंत ऐकू यायचा. त्या दिवशी इतका बारीक निघाला की पलीकडून बाई पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "कोण? कोण बोलतंय?"