अप्पांची टेप

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी खंडेराव मार्केटमध्ये त्यांच्यासाठी मऊ चिकू निवडत होते. भाऊ एवढंच म्हणाला, "ताई, ये आता." चिकू तिथेच राहिले… त्याला दीड महिना होईल.

अप्पा, माझे वडील, पाणीगेटला शिंपीकाम करत. गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणत. स्वतः सातवी शिकलेले, पण मी बी.कॉम. झाले तेव्हा दुकानात येईल त्याला आधी माझा निकाल दाखवायचे, मग कापड. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. इंग्रजी कागद आला की माझ्याच हातात. त्यांच्या दुखण्याचे कागदही तसेच आले. दुखणं दुर्मिळ. अपेंडिक्सपासून सुरू होतं आणि पोटभर जेलीसारखा चिकट पदार्थ साठत जातो. सर्जननी तो खरवडून काढला आणि त्याच ऑपरेशनमध्ये केमोचं गरम औषध पोटात फिरवलं. दोन वर्षं बरी गेली. अप्पा पुन्हा मशीनवर बसले.

मग तपासणीच्या स्कॅनमध्ये आलं की आजार परतलाय. मी वाचलं, कागदाची घडी घातली आणि सांगितलं, "सगळं नॉर्मल आहे." दिवाळीची शिलाई तेवढी हातावेगळी होऊ दे, मग बोलू, असं मनाशी ठरवलं. अठरा दिवस गप्प राहिले.

एकोणिसाव्या दिवशी दुकानात त्यांनी गळ्यातली टेप काढून स्वतःच्या पोटाभोवती धरली. "वाच. ग्रॅज्युएट आहेस ना?"

"छत्तीस."

"गणपतीत तेहतीस होती." त्यांनी बॉलपेनने छत्तीसवर ठिपका दिला. "रिपोर्ट तू वाचतेस, टेप मी वाचतो."

"मग बोलला का नाहीत, अप्पा?"

"कागद तुझ्याकडे होता ना… तू सांगशील म्हणून थांबलो."

दुसरं ऑपरेशन झालं, पण आतडी एकमेकांना चिकटली होती, सगळं काढता आलं नाही. त्या अठरा दिवसांचं मी सर्जनना विचारलं. "ना बेन, एटला दिवसथी कंई फरक ना पडे," ते गुजरातीत म्हणाले, तेवढ्या दिवसांनी काही फरक पडत नाही. हे खरं की माझी समजूत घातली, ते मला कुठल्याच कागदात वाचता आलेलं नाही.

टेप आता सुभानपुऱ्याला माझ्या घरी खिळ्याला आहे. गिऱ्हाइकाचं माप वहीत जायचं. स्वतःचं त्यांनी टेपवरच ठेवलं. तेहतीस, चौतीस, पस्तीस, छत्तीस… चार निळे ठिपके. शेवटचा माझ्यासमोर दिलेला. आधीचे तीन त्यांनी एकट्याने दिले, आणि मी रोज संध्याकाळी त्यांच्याशेजारी बसून चहा पीत होते.