पुण्याचा सालदार

सकाळी दुकान उघडलं की काकाजी आधी कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात ठेवायचे, बैलाच्या कपाळावर ठेवतात तसा. मग म्हणायचे, "चाल राजा, लाग कामाले." आणि तो डबा असा घुरघुरत सुरू व्हायचा, की दवनीवाड्याच्या स्टॉपवरची माणसं गोंदियाची बस आली समजून पिशव्या उचलायची. विश्वास बसत नसेल तर सोडून द्या. शेजारीच माझा फोटो स्टुडिओ. नवरदेवांच्या गालावरचे खड्डे बुजवण्यात माझी उमर गेली, तेव्हा हात थोडा इकडेतिकडे होणारच.

काकाजींचं दुकान लग्नपत्रिकांचं. आधी खिळे जुळवायचा छापखाना होता. नवं शतक लागायच्या सुमारास त्यांनी शिशाचे खिळे भंगारात घातले आणि मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर घेतलं. कंपनी पुण्याची, तिचा एजंट नागपूरहून आला. त्याने डब्याच्या मागे काडेपेटीएवढं एक लॉक खोचलं. ते असेल तरच अक्षरं उमटायची. जाताना एजंट म्हणाला, "एकदा घेतलं की जन्मभर तुमचं, काकाजी. पुढे नवीन काही निघालं तर सीडी फुकट येईल."

हे वाक्य काकाजींच्या कानात जे बसलं ते बसलंच. "इकत घेतला म्हणजे आपला," असं ते येताजाता म्हणायला लागले. छत्रीबद्दल, पंख्याबद्दल, कोंबडीबद्दल. एकदा जावयाबद्दल म्हणाले, तेव्हा काकीजींनी त्यांना आत बोलावून घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

सीडी यायच्याही. पोस्टमन पाकीट घेऊन आला की काकाजी गल्लीला पेढे वाटायचे. तुम्ही पोरगा झाल्यावर पेढे वाटणारे पाहिले असतील, आम्ही सॉफ्टवेअरचे खाल्ले आहेत.

आणि मग एक दिवस तोच एजंट परत आला. थोडा जाड झाला होता आणि नजरेला नजर देत नव्हता. चहा येईपर्यंत पावसापाण्याचं बोलला, मग म्हणाला, "काकाजी, कंपनीची पद्धत बदलली. आता विकत मिळत नाही, वर्षावर मिळतं. दरवर्षी पैसे भरायचे, वर्षभर सुधारणा येत राहतील. भरले नाहीत तर नवीन काही नाही."

काकाजींनी चष्मा कपाळावर चढवला. "बैल इकला, आन आता दरसाल त्याच्या शिंगाचे पैसे मांगून रायला का गा?"

"तुमचं जुनं चालेल ना. मी कुठे बंद करतो?"

"मंग चालू दे. चहा पी आन जाय."

चालवलंही त्यांनी, पुष्कळ वर्षं. बाकीच्या दुकानांत नवी नवी अक्षरं आली, काकाजी जुन्याच अक्षरांत लोकांची लग्नं लावत राहिले. मग एका आषाढात वीज पडली. ती वीज वरून पत्ता विचारत विचारतच आली असावी, कारण मधल्या राइस मिलची एवढी उंच चिमणी सोडून तिने नेमका काकाजींचा डबा जाळला. लॉक तेवढं वाचलं. नवा कॉम्प्युटर आणला, तर त्याला ते लॉक खोचायची जागाच नव्हती. काकाजी लॉक हातात धरून डब्याभोवती फिरत राहिले. किल्ली शाबूत होती, दारच गेलं होतं.

दिवाळी संपली. गावोगावी मंडईची जत्रा भरली, नाटकांची पत्रकं आली आणि गेली. लग्नाचे मुहूर्त निघायला लागले. गिऱ्हाईक दुकानात डोकावायचं आणि सरळ गोंदियाची बस धरायचं. अक्षरं जुळवायला काकाजींची सून बसायची, आमच्या सगळ्यांची वहिनी. तिची बोटं अशी पळायची की की-बोर्डातून धूर निघायचा. ती आता बंद कॉम्प्युटरसमोर बसून वाटाणे सोलायची. हा हंगाम गेला तर दुकानाला कुलूप लागणार, हे गल्लीतल्या कुत्र्यालाही कळत होतं.

मी म्हटलं, "काकाजी, गोंदियात लॉक तोडलेली सीडी भेटते. सब कुछ है उसमें."

"चोरीच्या बैलानं आपला वावर नांगरू का?"

"मंग भरून टाका ना सालाचे पैसे, नव्याले लॉक बी लागत नाई. काऊन अडून बसले?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील चिचगडकडे एका मालगुजाराकडे सालदार होते, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. अक्षय्य तृतीयेला, आमच्या अक्तीला, जुनं साल संपायचं आणि नवं लागायचं.

"दर अक्तीले बाप त्याच्या अंगनात उभा राहे," काकाजी म्हणाले. "ठेवते का काढते, मालक सांगे तवा बसे. ऊन डोक्यावर ये, पन मालकाचा पान चघळनं सरत नसे. मी बापाच्या बाजूनं उभा राहो. तवाच ठरवलो, दरसाल कोनाच्या अंगनात उभा नाई रायचो."

मी सीडीवाल्याचा नंबर लिहिलेली चिठ्ठी परत खिशात घातली.

काकीजी आतल्या दारात सुपात तांदूळ पाखडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "उभा कोन हाय, तुमी? पैसे देनार कोन?"

"मी."

"सालभर काम कोन करनार?"

"तो. कंपनीवाला."

"मंग सालदार कोन झाला? तो पुण्याचा. तुमी मालक झाले, आन तोंड पाडून बसून रायले."

काकाजी उठले, सदरा घातला आणि पैसे भरायला गेले.

खरी गंमत पुढे. मालक झालो तर कसं वागायचं, हे त्यांनी बापाच्या मालकाकडे पाहूनच ठरवलं होतं, फक्त सगळं उलटं. पहिल्या दिवशी त्यांनी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडे पुण्याचा तरुण आवाज.

"नमस्कार सर, आपली तक्रार काय आहे?"

"तक्रार काही नाई गा. जेवला का?"

"सर?"

"जेवला का म्हून इचारतो. दुपार झाली."

"सर, हा कॉल रेकॉर्ड होतोय."

"होऊ दे. का खाल्ला ते सांग."

पोराने डबा आणला नव्हता. काकाजींनी त्याला सालदाराला उपाशी ठेवणाऱ्या मालकांवर असं भाषण दिलं, की मदत क्रमांकाची रांग म्हणे नाशिकपर्यंत गेली. सालदाराला देतात तसं पोळ्याला त्यांनी त्याच्यासाठी शर्टाचं कापड पार्सल केलं, नवा भात निघाल्यावर तांदळाची पिशवी. पोराने फोनवर सांगितलं, "सर, कंपनीच्या नियमात बसत नाही हे."

"कंपनीनं साल लावला ना? मंग सालाची रीत बी घ्या लागते," काकाजी म्हणाले. "आता काम आयक."

काम असं होतं. त्या सॉफ्टवेअरमध्ये पत्रिकेवर टाकायला गणपती ढीगभर होते. बसलेले, उभे, छत्री घेतलेले, एक तर मला वाटतं स्कूटरवर होता. पण काकाजींच्या घरासारखी आमच्याकडची कितीतरी बौद्ध घरं, त्यांना पत्रिकेवर बोधिवृक्षाचं पान हवं असायचं. ते नव्हतंच. काकाजी इतकी वर्षं कोपरा कोरा सोडून प्रत्येक पत्रिकेच्या मूळ प्रतीवर काळ्या शाईने पिंपळपान स्वतः काढत आले होते. आता त्यांनी एका कागदावर मोठं पान काढलं आणि पुण्याला पाठवलं. सोमवार आला की फोन.

"पान झाला का?"

"सर, मागणी नोंदवली आहे."

"नोंद वाचून बघू नको, पान बघ."

पुढच्या अक्तीच्या आसपास नवी सुधारणा आली. वहिनीने ती चढवली आणि चित्रांची यादी उघडली. गणपतींच्या त्या गर्दीत एक पान होतं. काकाजींचा हात वयाने कापायचा, म्हणून त्यांच्या पानाचं टोक जरा डावीकडे झुकायचं. हेही तसंच झुकलेलं. कंपनीने सरळसुद्धा केलं नव्हतं.

काकाजी खुर्ची ओढून पडद्याजवळ बसले. मग मला म्हणाले, "पोरगा इमानदार हाय," आणि चहा सांगायला निघाले, तर चप्पल माझी घालून गेले.

त्यानंतर दोन हिवाळे ते होते. आता दुकान वहिनी चालवते, आणि साल तीच भरते.

परवा अकोल्याकडचे एक पाहुणे तिच्याकडे आले. पोराचं लग्न इकडच्या मुलीशी ठरलेलं. त्यांनी खिशातून त्यांच्याकडे छापलेली एक पत्रिका काढली आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"असंच पान पाहिजे. हे डिझाइन आमच्या तिकडचं आहे. तुमच्या खेड्यात कुठलं मिळायला, गोंदियालाच जावं लागेल ना?"

वहिनीने पत्रिका हातात घेतली. टोक डावीकडे झुकलं होतं. मी दारातच उभा होतो. तोंड उघडू नये म्हणून मी काय सोसलं ते माझं मला माहीत. वहिनीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पाहुण्यांकडे खुर्ची सरकवली.

"बसा," ती म्हणाली. "भेटते इथं."