खिडकी नसलेली तिसरी खोली

माझ्या नवऱ्याच्या साहेबांना नकाशा वाचता येत नव्हता, आणि येत नाही हे त्यांना माहीतही नव्हतं. मला ते पहिल्या पाच मिनिटांत कळलं. मी वीस वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते. समोर प्लॅन आला की माणूस बोट आधी कुठं ठेवतो, यावरून त्याची समज कळते. साहेबांनी बोट सोफ्यावर ठेवलं.

नवरा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात साच्यांच्या विभागात आहे. नवे साचे चीनमधल्या एका शहरात बनवायला दिले होते आणि ते तयार होईपर्यंत आठ महिने साहेबांनी आणि नवऱ्यानं तिथं राहायचं ठरलं होतं. साहेबांनी इथूनच, मोबाईलवर, भाड्याचा फ्लॅट पक्का केला आणि दोन्ही घरच्यांना चहाला बोलावून कारखान्याच्या मीटिंगच्या खोलीत तो पडद्यावर दाखवला. जणू तो त्यांनी स्वतः बांधला होता.

"तीन बेडरूम, दोन हॉल, एकशेवीस स्क्वेअर मीटर," ते म्हणाले. "म्हणजे जवळपास तेराशे फूट. आपल्याकडं तेराशे फुटात माणसं लग्नाचे हॉल काढतात."

त्यांच्या बायकोनं मान डोलावली. माझ्या नवऱ्यानंही. मी प्लॅन बघत होते. अक्षरं चिनी होती, पण रेषा सगळीकडं सारख्याच असतात. दोन हॉल म्हणजे बसायची जागा आणि जेवायची जागा. मध्ये भिंतच नव्हती, मोजताना मात्र दोन. दोन खोल्यांच्या भिंती जाड रेषेच्या होत्या, तिसरीची एका बाजूची रेषा केसासारखी. आणि त्या खोलीला खिडकी नव्हती.

मी तेवढं सांगितलं. तिसरी खोली हॉलमधूनच कापलेली दिसते, आणि एकशेवीसमध्ये जिना-लिफ्टचा वाटाही धरलाय का ते विचारा, असंही म्हणाले. साहेब हसले. चीनमध्ये आपल्यासारखी फसवाफसवी चालत नाही, हे त्यांनी मला समजावलं. ते आतापर्यंत तिथं एकदा, चार दिवस, हॉटेलात राहून आले होते. मग ते म्हणाले, "आणि वहिनी, तुमच्या लोकांना ऍडजस्ट करायची सवय असते. ह्यांना काही जड जाणार नाही."

तुमच्या लोकांना म्हणजे कुणाच्या, हे त्या खोलीत कुणी विचारलं नाही. आम्ही बौद्ध. माझं माहेर पिशोरचं, आणि दोन खोल्यांत आम्ही सात माणसं राहायचो हे खरंच आहे. पण त्या दोन खोल्यांना तीन खिडक्या होत्या. मी नवऱ्याकडं पाहिलं. तो बिस्कीट चहात बुडवत होता.

चीनला पोहोचल्यावर चार दिवस त्यानं खोली दाखवली नाही. फोन हॉलमध्ये उभं राहून करायचा. पाचव्या दिवशी मीच म्हटलं, आत जा आणि कॅमेरा जमिनीकडं करा. साहेबांच्या खोलीत लाकडी जमीन होती, मोठी खिडकी, गॅलरी, दक्षिणेचं ऊन. दुसरी खोली कुलूपबंद. साहेबांच्या घरचे पुढं कधी आले तर असावी म्हणून राखलेली. ते आठ महिन्यांत आले नाहीत. तिसरीत, नवऱ्याच्या खोलीत, जमिनीला हॉलच्याच फरशा होत्या. भिंतीपाशी एक फरशी अर्धी दिसत होती. तिचा उरलेला अर्धा भाग भिंतीच्या पलीकडं, हॉलमध्ये.

"भिंतीवर बोटानं वाजवा," मी म्हटलं. आवाज खोक्यासारखा आला.

फरशी ऐंशी सेंटिमीटरची होती. मी त्याला मोजायला लावल्या. तुकडे धरून तीन आडव्या, चार उभ्या. आठ बाय साडेदहाची खोली, दिवसाही दिवा लावायचा, आणि हवा दाराखालून येईल तेवढी. मग साहेब बाहेर गेले असताना सगळं घर मोजलं. तो फरशा मोजत चालायचा, लाकडी जमिनीवर टेप लावायचा आणि मी इथं स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद ठेवून आकडे लिहायचे. कुलपातली खोली प्लॅनवरून धरली. एकशेवीसचे नव्वदही पुरते भरले नाहीत. बाकीचे जिन्यात, लिफ्टमध्ये आणि इमारतीच्या तळमजल्यावरच्या चकचकीत दालनात होते, जिथं कुणी झोपू शकत नाही.

"साहेबांना सांगितलं का?"

"सांगितलं. ते म्हणले, रात्री झोपायलाच तर लागते खोली."

तेव्हा मला साहेबांची जेवढी चीड आली, तेवढीच नवऱ्याचीही. मी त्याला म्हटलं, "तुम्हाला त्यांनी कपाटात ठेवलं असतं, तरी तुम्ही कपाट ऐसपैस आहे म्हणाला असता." त्याचा जन्म पैठणचा, स्वभाव धरणाच्या पाण्यासारखा. कितीही दगड टाका, वर काही दिसत नाही. मला तो शांतपणा त्या काळात बुळेपणा वाटायचा, आणि मी तो शब्द वापरलाही.

शेवटी तिथल्या कारखान्यात या दोघांच्या मदतीला दिलेली एक मुलगी उपयोगी पडली. तिला थोडं इंग्रजी येत होतं. नवऱ्यानं माझ्या सांगण्यावरून तिला खोलीचा फोटो दाखवला. ती म्हणाली की हॉलमध्ये भिंत घालून केलेली अशी खोली त्यांच्या शहरात भाड्यानं देता येत नाही, आणि हे तिथं घर शोधणाऱ्या कॉलेजच्या पोरांनाही ठाऊक असतं. जाहिरातीतलं क्षेत्रफळ सामाईक जागेसकट असतं, हेही तिनंच पक्कं केलं. तिनं तीन लहान घरांचे प्लॅन पाठवले. मी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या टेबलावर ते पाहिले. एकात संडासला खिडकी नव्हती. दुसऱ्याचं तोंड उत्तरेला, हिवाळ्यात बर्फासारखं झालं असतं. तिसरं पंचेचाळीस मीटरचं, एक खोली, एक हॉल, दक्षिणेला खिडकी आणि कपडे वाळवायला छोटी गॅलरी. मी तेच घ्या म्हटलं.

नवरा आठवड्यात तिकडं गेला. साहेबांनी त्याला एकोप्याचं महत्त्व सांगितलं, आणि ते रिकाम्या झालेल्या खोलीत स्वतःचे बूट ठेवायला लागले. त्या खोलीचा इतका योग्य वापर त्यांच्या हातून चुकून झाला.

आठ महिन्यांनी दोघं परत आल्यावर कारखान्यात पुढच्या दोघांना पाठवायचं ठरलं आणि पुन्हा चहा झाला. साहेब उभे राहून नव्या पोरांना समजावत होते. क्षेत्रफळात जिना धरलेला असतो. दोन हॉल ऐकून हुरळून जाऊ नका. भिंत वाजवून बघा. खिडकी कुठल्या दिशेला आहे ते आधी विचारा. हे सगळं अनुभवातून शिकावं लागतं, ते म्हणाले. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही, आणि मला वाटतं ते लबाडीनं नव्हतं. हे आपल्याला कुणी सांगितलं होतं, हे त्यांना खरोखरच आठवत नसावं. लबाड माणसाबद्दल थोडा तरी आदर वाटतो.

जालना रोडनं परतताना मी गाडीवर मागं बसून नवऱ्याला बोलत राहिले. तुम्ही उठून एक शब्द बोलला नाहीत, वगैरे. सिग्नलला त्यानं गाडी थांबवली आणि मान न वळवता म्हणाला, "साहेब मला काय समजतात ते मला ठाऊक आहे. त्याचं मला लई वाटत नाय. पण तू बी माझ्याशी त्यांच्यासारखीच बोलतीस."

सिग्नल सुटला. आठ महिने मी इथं बसून त्याला फरशा मोजायला लावल्या, भिंत वाजवायला लावली, घर निवडून दिलं; तिथं तो एकटा काय जेवतो हे मात्र क्वचितच विचारलं. माफी मी मागितली नाही, मला ती नीट जमत नाही. त्या संध्याकाळी मी त्याला तिथल्या जेवणाबद्दल विचारलं, आणि तो बराच वेळ सांगत राहिला. त्या मुलीच्या आईनं एकदा वांग्याची भाजी करून पाठवली होती, ती आपल्यासारखी नव्हती पण चांगली होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

साहेबांबद्दल माझं मत काही बदललेलं नाही.