हिरव्या शाईतली सही

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला समजावायला नको. मी नर्स आहे. मिरजेत शिकले, तिथं नऊ वर्षं वॉर्ड सांभाळले, मग सिंगापूरला आले. कितीतरी माणसं माझ्या हातात गेलीत. त्यांना धुऊनपुसून, कपडे बदलून खाली शवागारात पोचवलंय आणि वर येऊन पोळीभाजीचा डबा खाल्लाय. होस्टेलच्या घाबरट पोरींना मी ठणकावून सांगायचे — अगं, भूत असतंच तर सगळ्यात आधी आपल्यालाच भेटलं असतं ना!

आता असं ठणकावून सांगत नाही... एवढंच.

गोष्ट २०१४-१५ची. आम्ही राहायचो बुकित बातोकला, आठव्या मजल्यावर, मी आणि लेक ईरा. ती तेव्हा दुसरीत. आमचे हे जहाजावर इंजिनिअर, वर्षातले सात महिने पाण्यावरच. मी एका खासगी हॉस्पिटलात होते. नाव विचारू नका, सांगणार नाही.

एकदा एक वजनदार आजोबा बाथरूममध्ये घसरले. मी त्यांना धरलं. ते वाचले, माझी कंबर गेली. मिरजेच्या डॉक्टरांनी मागे लिहून दिलेल्या दुखण्याच्या गोळ्या घरात होत्या, चांगल्या जालीम, गुंगी आणणाऱ्या. त्यातली एक घेऊन ड्यूटीवर गेले आणि दुपारी टेबलाशी बसल्या बसल्या चक्क पेंगले. इन्चार्जनं विचारलं, "वैजू, काय घेतलंस?" मी बावळट, पर्समधून गोळ्यांची पट्टीच काढून दाखवली.

आठवड्यानं पत्र आलं. वर्षभर मॉनिटरिंग प्रोग्रॅम. म्हणजे काय, तर मोबाइलवर कधीही मेसेज येणार, आला की चार तासांत तळमजल्याखालच्या बेसमेंटमध्ये जाऊन लघवीचा नमुना द्यायचा. अंमली औषधांच्या कपाटाची किल्ली हातात धरायची नाही. एकदा जरी नमुन्यात काही सापडलं तर समितीसमोर उभं राहायचं, आणि तिथून बहुतेक थेट घरी. नोकरी गेली की माझा इथं राहायचा पास गेला, पास गेला की ईराची शाळा, हे घर, सगळा गाशा गुंडाळा.

नियमच वाईट होता असं मी म्हणत नाही हं. गुंगीतल्या नर्सच्या हाती तुम्ही तुमची आई द्याल का? मी तरी देणार नाही. पण त्या दिवशी मला कुणी एक प्रश्न विचारला नाही, की बाई, तुझी कंबर कशी आहे? समोर चार पानं ठेवली. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, तिथून कधी एकदा उठते असं झालेलं. मी न वाचता सही ठोकली.

पहिला मेसेज आला तेव्हा रडतच बेसमेंटला गेले. कॉरिडॉरच्या टोकाला एक टेबल, तिथं जेनी नावाची मुलगी. तिनं नावगाव बघितलं, बाटली दिली, मागचं दार दाखवलं. दाराआड एक अरुंद खोली, भिंतीला लागून बाक, आणि त्यापलीकडे टॉयलेट. जेनी दार ओढून बाहेर थांबली.

बाकावर एक चिनी म्हातारी बसली होती. पांढरा कडक इस्त्रीचा युनिफॉर्म, केसांचा घट्ट अंबाडा, खिशाला पेन. मला वाटलं, नमुना नीट देते की नाही हे बघायला बसवलेली असणार. मी अंग चोरून उभी राहिले.

तिनं मला खालून वर न्याहाळलं. पहिला प्रश्न काय विचारावा? "ईट ऑलरेडी?"

जेवलीस का! त्या दोन आठवड्यांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी नाही म्हटलं आणि भोकाड पसरलं. ऑंटीनं — इथं सगळ्या वयस्क बायका ऑंटीच — मला रडू दिलं, मग बाकावर हात थोपटून बसवलं. तिचं इंग्रजी इथलंच, तुटक. मी आपलं मराठीत लिहिते, वाक्याच्या शेपटीला लावायचा 'ला' तेवढा तिचा ठेवते.

"सही केलीस?"

"केली."

"वाचून?"

मी नकारार्थी मान हलवली.

"अय्यो... नर्स आहेस ना? औषधाची बाटली न वाचता पेशंटला देतेस का? मग स्वतःला कशी दिलीस? उद्या त्या कागदांची कॉपी माग. देणार नाही म्हणाले तर परत माग. तुझा हक्क आहे ला, मेहेरबानी नाही."

आणि दुसरं सांगितलं — एक वही घाल. रोज काय खाल्लंस, काय प्यालीस, कुठली गोळी घेतलीस, खोकल्याच्या औषधाचा चमचासुद्धा, सगळं तारीखवार लिही. इथं येशील तेव्हा घेऊन ये. मी सही करीन.

मी दुसऱ्या दिवशी कॉपी मागितली. एचआरच्या बाईनं तीनदा टोलवलं, चौथ्यांदा दिली. घरी येऊन ईरासमोर मोठ्यांदा वाचली. तिसऱ्या पानावर स्पष्ट होतं, नमुन्यात काही निघालं तर निर्णयाआधी तुमचं म्हणणं ऐकलं जाईल आणि सखोल तपासणी मागता येईल. ईरा म्हणाली, "आई, यू नेव्हर रीड, मीनव्हाइल यू स्कोल्ड मी फॉर नॉट रीडिंग क्वेश्चन पेपर!"

मग वही सुरू झाली. मेसेज आला की मी बेसमेंटला, जेनीकडून बाटली घ्यायची, आत ऑंटी. ती वही वाचायची. "रोज चहा पाच कप? वेडी आहेस का?" "हे पोहे म्हणजे काय?" "दुपारी नुसतं बिस्कीट? हे जेवण आहे?" आणि प्रत्येक पानाखाली तारीख, वेळ आणि सही. सही म्हणजे एक वाटोळं आणि त्याखाली दोन रेघा, हिरव्या शाईत. ते बघून मला भारी वाटायचं. आमच्या शिकण्याच्या काळात सकाळच्या ड्यूटीच्या नोंदी निळ्या शाईत, दुपारच्या हिरव्या, रात्रीच्या लाल. इथं सगळं कॉम्प्युटरवर, शाई कुठली? म्हटलं, ऑंटी जुन्या वळणाची आहे.

खरं सांगू? नंतर नंतर तो मेसेज आला की मला धस्स व्हायचं नाही. कुणीतरी माझी वाट बघतंय असं वाटायचं.

दिवाळी आली. आई मिरजेहून फराळ पाठवणार होती. यांच्या जहाजावर रुजू व्हायला एक मुलगा मुंबईहून येणार होता, त्याच्याजवळ. खसखस अफूच्या बोंडातली, म्हणून सिंगापुरात ती आणायला बंदी आहे, आपल्या इथल्या सगळ्या बायकांना माहीत आहे. म्हणून मी फोनवर आईला दहादा बजावलं, "आई, अनारसे नकोत. एकसुद्धा नको."

"नाही गं बाई, अनारसे केलेच नाहीत," आई म्हणाली. "करंज्या घातल्यात भरपूर. तुझ्या आवडत्या."

करंज्या म्हटल्यावर मी जी सुटले! रविवारी पाच, सोमवारी सहा. ईरा चकलीवाली, तिनं हात लावला नाही. मंगळवारी दुपारी मेसेज आला.

ऑंटी वही वाचत होती. करंज्यांपाशी थांबली. "हे काय?"

"गोड असतं ऑंटी. दिवाळीचं."

"आत काय?"

"खोबरं, रवा, साखर..."

"मला नको सांगू. लिही. जे जे आत आहे ते सगळं."

मी लिहायला लागले. सुकं खोबरं, भाजलेला रवा, पिठीसाखर, वेलची, आणि पेन तिथंच थबकलं. आईचं सारण! खोबरं भाजून झालं की त्याच कढईत ती काय परतते? लहानपणापासून मी शेजारी उभं राहून वास घेतलाय. खसखस. चांगली वाटीभर. अनारशाची खसखस वरून दिसते म्हणून मी ती अडवली, आणि करंजीतली पोटात... ना आईच्या डोक्यात आली, ना माझ्या. अकरा करंज्या! आणि खसखस खाल्लेल्याच्या नमुन्यात मॉर्फिन दिसू शकतं, हे मला, नर्सला, कुणी वेगळं सांगायला नको.

मी पेन खाली ठेवलं. "ऑंटी, हे नाही लिहीत. लिहिलं तर मीच मला अडकवलं."

ती माझ्यावर पहिल्यांदाच रागावली. "आत्ता लिहिलंस तर ते खरं असतं. रिझल्ट आल्यावर सांगितलंस तर ती सबब असते. लिही ला. आणि खोडू नको."

मी लिहिलं. अक्षर बघवत नाही अजून. तिनं सही केली, घड्याळ बघून वेळ टाकली, दोन वीस. मग माझ्या गालावर हात ठेवला. तो हात गार नव्हता हो, उगाच काही कल्पना करू नका. कोमट, कोरडा, कामाचा हात होता.

नमुना पॉझिटिव्ह निघाला. मॉर्फिन. दुसऱ्या दिवसापासून मला वॉर्डात पाऊल टाकायला बंदी, आणि सोमवारी समिती.

ते चार दिवस कसे काढले माझं मला माहीत. उरलेल्या करंज्या टाकून दिल्या. आईला फोनवर सांगितलं तर तिनं जेवण सोडलं. "मीच तुझ्या मुळावर आले," म्हणून रडायची. तिला समजावता समजावता माझंच रडू आटलं. ईरा शाळेतून येऊन विचारायची, "आई, वी गोइंग बॅक अ?" मी म्हणायचे, नाही गं. आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहायचे.

समितीत तिघं. एक डॉक्टर, एचआरची बाई आणि नर्सिंग डायरेक्टर मॅडम रोहाना, निवृत्तीला आलेल्या, मितभाषी. मी तिसरं पान काढलं, म्हटलं माझं म्हणणं ऐका आणि सखोल तपासणी करा. आणि वही पुढे ठेवली.

डॉक्टर म्हणाले, "हे काल रात्रीही लिहिता येतं."

"सही बघा. वेळ बघा. दोन वीस. जेनीकडे नमुना किती वाजता जमा झाला तेही बघा."

कॉम्प्युटरवर होतं, दोन पस्तीस.

"पण ही सही कुणाची?" एचआरच्या बाईनं विचारलं. "तिथं जेनीशिवाय आपलं कुणीच नाही."

"आत बसतात त्या ऑंटी."

जेनीला बोलावलं. ती बिचारी गोंधळली. "आत कुणी नसतं. ही आत गेली की बोलत असते. मला वाटायचं प्रार्थना करते... मग कोण काही म्हणणार?"

संपलं, असं वाटलं मला. आता मी नशा करणारी तर होतेच, वर वेडीही. मान खाली घातली. तेवढ्यात मॅडम रोहानांनी वही स्वतःकडे ओढली. पान उलटलं. अजून एक उलटलं. वाटोळं आणि दोन रेघांवरून बोट फिरवलं.

मग त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "ही सही मी ओळखते. नोंद ग्राह्य धरा. तपासणी पुन्हा करा." एवढंच. आवाज असा होता की डॉक्टरांनी पुढं विचारलं नाही.

सखोल तपासणीत प्रमाण अगदी थोडं निघालं, खाण्यातून येतं तेवढंच. मला कामावर घेतलं, खसखशीबद्दल सक्त ताकीद दिली. घरी फोन केला तर आई आधी रडली आणि मग म्हणाली, "थांब, दोन घास खाऊन घेते."

मॅडमनी मला नंतर लिफ्टपाशी गाठलं. म्हणाल्या, "सिस्टर लो. माझ्या पहिल्या वॉर्डची इन्चार्ज. मला इंजेक्शन भरायला तिनं शिकवलं. तिच्याही नमुन्यात असंच काही निघालं होतं. कुणी काही विचारलं नाही, तिनंही काही सांगितलं नाही, पुढ्यात ठेवलेल्या कागदावर सही करून निघून गेली. काही महिन्यांनी कळलं, डॉक्टरांनीच दिलेलं खोकल्याचं औषध होतं. सांगायला घरी गेलो, तर ती नव्हती. गेलेली."

"कधीची गोष्ट, मॅडम?"

"मी तेव्हा तुझ्याहून लहान होते," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसून लिफ्टमध्ये शिरल्या.

त्यानंतर प्रोग्रॅमचे पाच महिने उरले होते. मेसेज आला की मी धावत जायचे. बाक रिकामा. शेवटच्या दिवशी बिनखसखशीची एक करंजी डब्यात घालून नेली, बाकावर ठेवली, म्हटलं, ऑंटी, खाऊन घ्या. बाहेर आले तेव्हा करंजी होती तशीच होती. उगाच खोटं कशाला सांगू?

काहीजण म्हणतील, ताणामुळे भास झाला. होऊ शकतो, मी पेशंटांचे कितीक बघितलेत. पण भासाला हिरवी शाई कुठून आली? वही माझ्याकडे आहे. आमचे हे इंजिनिअर माणूस, त्यांनी ती उलटसुलट करून बघितली, दिव्यासमोर धरली, आणि शेवटी "असेल बाबा काहीतरी" म्हणून जेवायला बसले.

आणि हे शेवटचं. २०१८मध्ये आमच्या वॉर्डातल्या एका मल्याळी मुलीला प्रोग्रॅममध्ये घातलं. तोवर बेसमेंटची ती खोली पाडून तिथं पार्किंग झालं होतं, नमुने चौथ्या मजल्यावर नव्या विभागात घ्यायचे. पोरगी पहिला नमुना देऊन आली, डोळे सुजलेले. मी तिला पॅन्ट्रीत नेऊन बसवलं, म्हटलं, हे बघ, आधी कागदांची कॉपी मागायची, आणि एक वही...

"हो सिस्टर," ती म्हणाली, "वही घालायची ना? आतल्या ऑंटीनं सांगितलंय मघाशीच."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. तिला मी काय सांगणार? सांगितलं नाहीच. ती उगाच घाबरली असती. खोली कुठली, युनिफॉर्म कसला, केस कसे, हजार प्रश्न जिभेवर होते.

मी एवढंच विचारलं, "ऑंटी जेवली होती का गं?"